वाकड्यांची पिशवी

पोरानं हात धुतलेच नाहीत असं नाही. धुतले. पण धुतले म्हणजे काय, तर नळाखाली बोटं धरली, दोनदा झटकली आणि उरलेलं पाणी पँटला पुसलं. साबणबाईनं स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहिलं. ती पँट दिवसभर कुठल्या गटाराशेजारी टेकली असेल, देव जाणे. पोरगा प्लंबर होता.

साबणबाई हे तिचं कारखान्यातलं नाव. सॉसेजच्या कारखान्यात भरणी विभागाची ती मुकादम. हाताखालच्या बायका तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की साबणबाई. कुणाचं नख वाढलंय, कुणाचा केस टोपीबाहेर आलाय, कुणी मास्कखाली बोट घालून नाक खाजवलंय, हे बाईला पाठमोरी असतानाही दिसतं अशी तिची ख्याती होती. एखादी शिंकली आणि हात न धुता पुन्हा कामाला लागली, की बाई तिला सगळ्यांदेखत बेसिनपाशी नेई आणि कोपरापर्यंत घासायला लावी. नुसती नाकानं कांदे सोलते, असं बायका आपसात म्हणत. बाईच्या ते कानावर येई आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

कारखान्यात हे खपून जायचं. घरी मात्र ते लेकीच्या मुळावर आलं होतं. लेकीनं आणलेला पहिला मुलगा चहा पिताना फुर्र करायचा. बाई उठून सरळ गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि त्याचा कप संपेपर्यंत आत आली नाही. दुसऱ्यानं करंगळीचं नख वाढवलं होतं. त्या नखावर नजर खिळवून बाई अख्खं जेवण एक शब्द न बोलता बसली. दोघांनीही पुन्हा तोंड दाखवलं नाही. हा तिसरा. लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची, तिथलं बेसिन तुंबलं तेव्हा तो आला होता. तुंबलेल्या बेसिनवर ओळख! बाईनं ते ऐकलं तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

या वेळी लेकीनं आधीच बजावून ठेवलं होतं.

"आई, आज तो स्वतः रांधणार आहे. तुझ्यासाठी. ताटात येईल ते गपचूप खायचं. आज जर तू नाक मुरडलंस ना, तर मी पुन्हा कुणाला तुझ्यासमोर उभं करणार नाही. माझी मी निघून जाईन."

"जाशील कुठं?"

"त्याच्याबरोबर. कुठं ते तुला कळवेनच असं नाही."

बाईनं ते हसण्यावारी नेलं नाही. लेक तिचीच होती, बोलली की करणार. आणि नवरा गेल्यापासून त्या दोन खोल्यांत दोघींशिवाय होतं कोण? लेक गेली की त्या चकचकीत फरशीवरून फिरायला एकटी साबणबाई उरणार.

"खाईन," ती म्हणाली. "पण रांधणार काय आहे?"

"तुझ्या आवडीचं, असं तो म्हणतो."

आता ते आवडीचं ओट्यावर येऊन पडलं होतं. पोरानं फ्रीजमधून एक साधी पांढरी प्लॅस्टिकची पिशवी काढली, गाठ दातानं सोडली (दातानं!) आणि आतला ऐवज ट्रेमध्ये ओतला. गुलाबी, गिळगिळीत, वाकडीतिकडी सॉसेजं एकमेकांना चिकटून ट्रेच्या मधोमध पसरली.

"तुमच्याच कारखान्याची, काकू," तो हरखून म्हणाला. "म्हटलं, काकूंनी आयुष्यभर लोकांसाठी बनवली, आज त्यांना आयती खाऊ घालू. एकदम सोपं असतं. सगळं एकाच ट्रेमध्ये टाकायचं, ओव्हनमध्ये सारायचं आणि गप्पा मारत बसायचं. घासायला एकच भांडं."

बाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. कारखान्यात लागल्यावर पहिल्या आठवड्यातच तिचं सॉसेज सुटलं होतं, ते कायमचं. मोठ्या भुंग्यासारखं घोंघावणारं ते दळणाचं यंत्र, त्याच्या तोंडातून गोगलगाईसारखा पुढे सरकणारा तो गार, ओला लगदा, तो भरायला बादलीत पाण्यात बुडवून ठेवलेली ती आतडी, आणि या सगळ्याचा तो गोडसर वास, जो केसांत शिरतो आणि रात्री उशीला लागतो. ज्यानं ते पाहिलंय त्याला ते खाऊ घालणं हा कुठला पाहुणचार? पण पोराला वाटलं असणार, सॉसेजच्या कारखान्यातली बाई म्हणजे तिला सॉसेज जीव की प्राण. त्याला रोज सांडपाणी पाजलं तर चालेल का, असं विचारायला हवं होतं.

"ही पिशवी कुठली?" तिनं तेवढंच विचारलं.

"घरातलीच," लेक म्हणाली. "फ्रीजरमध्ये तू ठेवलेली. खालच्या शिंपीणबाई गावाला गेल्यात ना."

कारखान्यात जी सॉसेजं वाकडी निघतात, फुगतात किंवा टोकाला फाटतात, ती भरणीच्या टेबलावरच बाजूला काढतात आणि शेवटी कामगारांत वाटून टाकतात. वाकड्यांची पिशवी म्हणतात तिला. बाईची पिशवी दर वेळी परस्पर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे जायची. या खेपेला त्यांच्या दाराला कुलूप होतं, म्हणून ती फ्रीजरमध्ये पडून राहिली होती.

पोरगा कामाला लागला. मोबाइल तिखटमिठाच्या डब्याला टेकवून त्यानं कुठलातरी व्हिडिओ लावला. ओल्या बोटानं पडदा पुढे सरकवायचा आणि त्याच बोटानं बटाटा धरायचा. तो मोबाइल दिवसभर त्याच्याबरोबर कुठल्या कुठल्या संडासात जाऊन आला असेल या विचारानं बाईच्या अंगावर शहारा आला. गाजरं त्यानं सोललीच नाहीत. सालातच खरा कस असतो, म्हणाला. तेल, मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण त्यानं वाटीत कालवला, चमचा चाटून पाहिला, 'वा' म्हणाला आणि तोच चमचा परत वाटीत बुडवला. बाईनं तोंड उघडलं. लेकीनं डोळे वटारले. बाईनं तोंड मिटलं.

तेवढ्यात पोरगा "आई गं!" करून ओरडला. गाजर निसटलं होतं आणि सुरी डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर गेली होती. बोट नळाखाली धरायचं सोडून त्यानं ते सरळ तोंडात घातलं आणि चोखलं. लेकीनं खणातून कातडीच्या रंगाची चिकटपट्टी काढून त्याच्या बोटाला गुंडाळली आणि हा बहाद्दर पुन्हा कामाला! फोडी ट्रेमध्ये टाकल्या, वाटीतलं तेल वरून ओतलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत खुपसून सगळं कालवायला लागला. मधेच त्याच तेलकट हातांनी त्यानं तेलाची बाटली उचलली आणि आणखी एक धार सोडली.

"चमचा आहे," बाई म्हणाली.

"हातानं सगळीकडे सारखं लागतं, काकू."

"आमच्याकडे असली पट्टी चालत नाही," बाईला राहवलंच नाही. "आमच्याकडे निळी असते. खाण्यात निळं काही नसतं, म्हणून पडली तर डोळ्यात भरते. शिवाय तिच्या आत लोखंडाचा बारीक पत्रा असतो. पुडकी बाहेर जाताना एका यंत्राखालून जातात, आत लोखंड असलं की ते यंत्र बोंबलतं."

"काय डोकं लावलंय!" पोरगा मनापासून म्हणाला.

बोलून झालं आणि बाईचा उजवा अंगठा आपोआप मुठीत गेला. त्या अंगठ्यावर अजून खपली होती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. भरणीच्या नळीत लगदा अडकला आणि बायका ढिम्म उभ्या राहिल्या, म्हणून बाईनं चिडून हातमोजा काढला आणि स्वतः नळी साफ केली. मग हात धुवायला गेली तर अंगठ्यावरची निळी पट्टी गायब. नियम साधा होता, आणि तो बायकांच्या डोक्यात ठोकून बसवला होता तो बाईनंच. पट्टी हरवली की तिथल्या तिथे ओरडायचं, काम थांबवायचं, सगळा लगदा फेकायचा. मागे एका वेणीवाल्या पोरीनं अशीच हरवलेली पट्टी दडवली होती. बाईनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "लाज नाही वाटत? लोक तोंडात घालतात हे!" असं म्हणून साहेबांकडे नेलं आणि त्याच दिवशी कामावरून काढायला लावलं.

आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा बाई मूग गिळून बसली. फरशी पाहिली, बेसिन पाहिलं, बेसिनच्या जाळीत बोट घालून पाहिलं. तिच्याच हातून पट्टी हरवली हे बायकांना कळलं असतं तर तिची अब्रू काय राहिली असती? शेवटी यंत्र आहेच की, तिनं स्वतःला समजावलं. लगद्यात गेली असली तर बोंबलेल. यंत्र सबंध पाळीत बोंबललं नाही. म्हणजे पट्टी मोरीतून वाहून गेली. बाईचा जीव भांड्यात पडला आणि विषय तिथेच संपला. निदान तिच्या लेखी.

ओव्हन तापला तसा घरभर वास सुटला. लसूण खरपूस होत होता, कांद्याच्या कडा करपत होत्या, आणि त्या सगळ्याच्या खालून तो कारखान्याचा गोडसर वास येत होता. बाईनं खिडकी उघडली. थोड्या वेळानं दुसरी उघडली. लेक आणि पोरगा बाहेरच्या खोलीत हसत होते, आणि पोरगा कुणाच्यातरी पाइपातून निघालेल्या उंदराची गोष्ट रंगवून सांगत होता.

ट्रे टेबलावर आला. बटाटे तांबूस झाले होते, ढोबळी मिरचीची सालं सुरकुतली होती आणि सॉसेजं फुगून, चिरफळून चरबीत तडतडत होती. पोरानं त्यातलं सगळ्यात लठ्ठ सॉसेज बाईच्या ताटात ठेवलं. त्यातून पिवळट रस ओघळला आणि हळूहळू बटाट्याखाली शिरला.

लेक बघत होती. बाईनं एक तुकडा कापला, श्वास रोखला आणि तोंडात टाकला. दाताखाली कातडं फुटलं आणि आतलं मऊ मऊ जिभेवर पसरलं. तिच्या डोळ्यांपुढे ती बादली आली. तो घास तिनं पाण्याबरोबर खाली लोटला.

"कसं झालंय, काकू?"

"छान," बाई म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. पोराला वाटलं, गहिवरल्या.

लेकीनं टेबलाखालून आईचा गुडघा दाबला. किती दिवसांनी! त्या एका दाबासाठी बाईनं आणखी एक तुकडा गिळला.

आणि मग समोर पोराचा जबडा थांबला. त्यानं टोकाला फाटलेलं, करपलेलं एक सॉसेज अर्धं खाल्लं होतं. तो एकदा चावला, पुन्हा चावला, मग तोंडापुढे कागदी रुमाल धरून त्यानं काहीतरी हळूच बाहेर काढलं आणि रुमालाची घडी घातली. नंतर त्याची नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली. पहिलं बोट उघडं होतं. पट्टी नव्हती.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाईच्या नजरेतून यातलं काही म्हणजे काही सुटलं नाही.

"काय निघालं?" तिनं विचारलं. आवाज अगदी कारखान्यातला.

"काही नाही, काकू. लसणाचं साल."

"दाखवा बघू."

पोरानं लेकीकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि घडी उघडली. आत एक काळपट, आखडलेला, चावून लिबलिबीत झालेला चिंधीसारखा तुकडा होता.

"माझी पट्टी," तो पुटपुटला. "तेलानं सुटली असणार. माफ करा, काकू."

"शी!" लेकीच्या तोंडून गेलं. "अरे, शी! अक्कल आहे का तुला? आजच्या दिवशी? आईसमोर?"

बाईला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, चांगला उकळ्या फुटण्याएवढा झाला. आता नाक मुरडायला तिच्या पदरात आयतं कारण पडलं होतं, आणि तेही लेकीच्याच तोंडून. तिनं काट्याच्या टोकानं तो तुकडा उचलला, उजेडात धरला आणि चार शब्द सुनावायला तोंड उघडलं.

"वर चिकटली होती ना?"

"वर नाही, काकू. आतच होती, मटणात. आत कशी गेली तेच कळेना."

बाईनं काटा खाली घेतला. सॉसेजच्या आत. बोटाची पट्टी फार तर बाहेरून चिकटेल, कातड्याच्या आत कशी जाईल? आत जायला ती भरण्याआधीच लगद्यात असायला हवी. आणि पुडक्यात गेली, तर ती यंत्राखालून जाते. पण वाकडी सॉसेजं पुडक्यात जात नाहीत. भरणीच्या टेबलावरूनच ती पिशवीत पडतात. यंत्र बोंबलणार कसं, त्याच्या खालून ती गेलीच नव्हती!

"टाकून येते," ती कशीबशी म्हणाली आणि आत गेली.

फ्रीजच्या दारावर संत्र्याच्या फोडीच्या आकाराचं एक चुंबक होतं. बाईनं ते काढलं आणि काट्यावरच्या तुकड्याजवळ नेलं. तुकडा टुणकन उडून त्याला चिकटला.

ओट्यावर तेलाची बाटली होती. तिच्या मानेला कातडीच्या रंगाची एक पट्टी तेलकट होऊन लोंबत होती.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी निघतो," पोरगा म्हणत होता. "काकूंना आता कुठल्या तोंडानं भेटू?" लेक रडक्या आवाजात काहीतरी बोलली, पण थांब म्हणाली नाही. बाईच्या पायापाशी कचऱ्याचा डबा होता. झाकण उघडायचं, दोन्ही पट्ट्या आत टाकायच्या, वरून कांद्याची सालं. पोरगा जाईल, लेक राहील, आणि प्लंबर कसा गलिच्छ होता याची आठवण दोघी मिळून काढतील. कुणाला कळणार होतं?

लोक तोंडात घालतात हे. वेणीवाली तेव्हा नुसती अंगठ्यानं वेणीचं टोक चोळत उभी होती. बाईनं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो तिला दुसऱ्याच कुणाचातरी वाटला, आणि त्याची अशी किळस आली की तशी त्या बादलीचीही कधी आली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा पोरगा एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता.

"थांबा," बाई म्हणाली. तिनं चुंबक टेबलावर ठेवलं. तुकडा त्याला घट्ट धरून होता. "ही तुमची नाही. तुमची आत तेलाच्या बाटलीला लटकलीय. हिच्यात लोखंड आहे. ही माझी. माझ्या अंगठ्यावरची. कारखान्यात हरवली आणि मी तोंड उघडलं नाही."

लेक आईकडे बघत राहिली. असं बघताना बाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या साहेबांना सांगते," बाई म्हणाली. "एका पोरीला मी याच्यासाठी घालवलं होतं. तेही सांगते."

"काढतील तुला," लेक म्हणाली.

"काढायलाच हवं."

पोराचा चेहरा आधी उजळला. आपण सुटलो, एवढंच त्याला पहिल्यांदा कळलं होतं. "अहो काकू, एवढं काय मनावर घेता, होतं असं कधीकधी..." तो बोलता बोलता हसला आणि मग मधेच थांबला. त्यानं चुंबकाकडे पाहिलं. मग बाईच्या अंगठ्याकडे, त्याच्यावरच्या खपलीकडे. "म्हणजे ही... तुमच्या जखमेवरची?"

"हो."

"आणि मी ती चांगली चावून..."

स्वतःची पट्टी म्हणून त्यानं ती रुमालात घडी घालून ठेवली होती, बिचाऱ्यानं चेहराही वाकडा केला नव्हता. गटारात कोपरापर्यंत हात घालणारा तो गडी आता तोंडावर हात दाबून एका बुटानिशी मोरीकडे धावला.

दार अर्धवट उघडंच राहिलं. आतून ओकारीचे आवाज यायला लागले, एकामागून एक, पोटाच्या तळापासून. त्यातूनच मधे श्वास घेऊन तो म्हणत होता, "वाईट वाटून घेऊ नका, काकू... तुमचं काही नाही... माझंच पोट..." आणि पुन्हा उमासा.

बाई दाराशी उभी राहिली. जन्मभर तिला साऱ्या जगाची किळस आली होती. तिची किळस येऊन कुणी असं उन्मळून पडताना ती आज पहिल्यांदा ऐकत होती. लेक मागे येऊन थांबली, पण तिनं आईचा हात धरला नाही, आणि बाईलाही तो धरावा असं वाटलं नाही.

मग बाई आत गेली. खालची फरशी घाण झाली होती, त्या घाणीत तिचे पाय पडले. तिनं एका हातानं त्याचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ चोळायला लागली.

"ओक, बाळा," ती म्हणाली. "सगळं ओकून टाक."